शेतीच्या संस्थेत इंटर्नशिप करताय? आधी पिकाचं वेळापत्रक बघा

परीक्षा आटोपत आल्या की दरवर्षी तेच प्रश्न येतात. 'सांगली-साताऱ्याकडं शेतीत काम करणारी चांगली संस्था कोणती?' 'दोन महिने हातात आहेत, काय शिकून होईल?' 'संस्थेनं प्रमाणपत्रासाठी पैसे मागितलेत, भरावेत का?' आणि पालकांकडून हमखास येणारा: 'मुलीला एकटीला खेड्यात राहू द्यावं का?' पूर्वी हे प्रश्न कृषी आणि समाजकार्याच्या मुलांपुरते होते. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासक्रमात 'ऑन जॉब ट्रेनिंग' आणि 'फील्ड प्रोजेक्ट' आणल्यापासून बीए, बीकॉमची मुलंही विचारू लागली आहेत.

इथं उदाहरणासाठी तासगाव तालुका घेतला आहे. द्राक्ष आणि बेदाणा हे इथलं जगणं. सावळज, मणेराजुरी, कवठेएकंद, येळावी, बोरगाव, कुठल्याही रस्त्यानं निघालात तरी मांडव दिसतोच. थॉम्पसन सीडलेसमधून 'तास-ए-गणेश' हा वाण निवडून काढणारे वसंतराव आर्वे याच तालुक्यातल्या बोरगावचे. ज्या भागातले शेतकरी स्वतः वाण काढतात, तिथं दोन महिन्यांसाठी जाणाऱ्यानं शिकवायला नव्हे, शिकायला जायचं असतं. तुम्ही दुसऱ्या तालुक्यात जाणार असाल तर पिकाचं नाव बदला, बाकीचं बहुतेक तसंच लागू पडेल.

तुम्ही कोणत्या वाटेनं जाताय?

- कृषी पदवीचे विद्यार्थी: ग्रामीण कृषी कार्यानुभव तुमच्या शेवटच्या वर्षाचाच भाग आहे. गावात तुम्हाला 'कृषिदूत' किंवा 'कृषिकन्या' म्हणून ओळखतील. गाव, मार्गदर्शक प्राध्यापक आणि नोंदवही महाविद्यालय ठरवतं. संस्था निवडायला मुभा आहे का, मानधन कुठून आणि किती मिळणार, हे आधी महाविद्यालयालाच विचारा.
- इतर पदवीचे विद्यार्थी: तुम्हाला श्रेयांक हवे असतील तर संस्था महाविद्यालयाला मान्य आहे का, आणि तास कसे मोजणार, हे जाण्याआधी प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या सहीनं घ्या. काम झाल्यावर मान्यता मागायला गेलात तर बहुतेकदा नन्नाच ऐकाल.
- शिक्षण संपलेले: राज्य शासनानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी, आयटीआय किंवा पदविका आणि पदवी यांनुसार दरमहा ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. शिक्षण चालू असणाऱ्यांना ती लागू नव्हती. सध्या जागा आहेत का, अटी बदलल्या का, याची चौकशी जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात करा.
- स्वतःहून जाणारे: तुम्हाला सगळ्यात जास्त मोकळीक आहे आणि पाठीशी कोणीच नाही. खालचा लेखी पत्राचा भाग तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा.

संस्थेआधी महिना निवडा

बहुतेकांचं घोडं इथं अडतं. मुलं कॉलेजच्या सुट्टीकडं बघून जातात, आणि बागेत तेव्हा बघण्यासारखं काही नसतं. किंवा उलट, इतकी धांदल असते की कोणाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते.

द्राक्षाचं वर्ष दोन छाटण्यांवर चालतं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते. तीत काडी तयार करायची असते. पुढं सबकेन, शेंडा मारणं, पाण्याचा ताण, आणि या सगळ्यात बागायतदार आकाशाकडं डोळे लावून बसलेला. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत गोडी छाटणी, म्हणजे फळछाटणी. त्यानंतरचे दोन महिने बागेत श्वास घ्यायला सवड नसते: डोळ्यांना पेस्ट लावणं, फेल फूट काढणं, घड विरळणं, जिबरेलिक ॲसिडचं डिपिंग, डाऊनी आणि भुरी या रोगांची भीती. जानेवारीपासून माल निघू लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचे दिवस.

याचा अर्थ तुमच्यासाठी असा:

- कृषी कार्यानुभवाचं सत्र पावसाळ्यात पडत असल्यामुळं गोडी छाटणी तुमच्या वाट्याला येते, पण बेदाण्याचं शेड रिकामंच बघायला मिळतं. बेदाणा समजून घ्यायचा असेल तर हिवाळ्यानंतर आठ-दहा दिवस वेगळे काढून परत या.
- एप्रिल-मेच्या सुट्टीत येणाऱ्यांना खरड छाटणी, बेदाण्याचा शेवट आणि पाण्याची टंचाई या तिन्ही गोष्टी एकदम दिसतात. पाण्यावर काम करणाऱ्या संस्थेसाठी हाच काळ उत्तम.
- शेतकऱ्याशी निवांत बोलायचं असेल, मुलाखती घ्यायच्या असतील, तर जून-जुलै बरा. छाटणीच्या ऐन हंगामात तासाभराची प्रश्नावली घेऊन बागेत जाणं हे त्या माणसावर अन्याय करणं आहे.

संस्था पारखायची कशी?

नोंदणी बघायला अवघड नाही. सामाजिक संस्था साधारण तीन प्रकारे उभी असते: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली सोसायटी, किंवा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी. नोंदणी क्रमांक विचारा. नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर संस्थेचं नाव शोधा. शेतकरी उत्पादक कंपनी ही वेगळी गोष्ट आहे, ती सभासद शेतकऱ्यांची व्यापारी कंपनी असते. तिथंही खूप शिकता येतं, पण ती समाजसेवी संस्था नव्हे, हे माहीत असू द्या.

नोंदणीनं कागद कळतो, काम कळत नाही. कामासाठी एकच परीक्षा पुरेशी वाटते: ज्या गावात संस्था काम करते म्हणते, त्या गावच्या एसटी थांब्यावर, दूध डेअरीत किंवा सेवा सोसायटीत जाऊन तिचं नाव काढा. लोक बरं बोलतील, वाईट बोलतील, वाद घालतील. तिन्ही ठीक. कोणाला नावच माहीत नसेल तर दुसरी संस्था बघा.

सावध राहायच्या जागा:

- नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, प्रमाणपत्र शुल्क मागणं. जेवणा-राहण्याचा खर्च मागितला तर तो पावतीसह रास्त असू शकतो, पण प्रमाणपत्राचे पैसे कधीही भरू नका.
- मूळ गुणपत्रिका किंवा मूळ आधारकार्ड ठेवून घेणं. छायाप्रत द्या, मूळ कागद कोणाकडंही ठेवू नका.
- 'काय काम असेल?' या प्रश्नाला 'या, मग बघू' एवढंच उत्तर.
- काम म्हणून फक्त फोटो काढणं आणि देणगीदारांसाठी अहवाल टाइप करणं. हे थोडं सगळ्यांनाच करावं लागतं. तेच सगळं काम असेल तर तुम्ही कार्यालयात बसून हंगाम घालवाल.

लेखी पत्रात काय हवं?

एक पानाचं पत्र पुरतं, पण हवंच. त्यात तारखा, रोजचे तास, सुट्टीचा दिवस, तुमच्यावर देखरेख करणाऱ्या माणसाचं नाव, मानधन किंवा ते नसल्याचा स्पष्ट उल्लेख, प्रवासखर्च, राहण्याची सोय, अपघात विमा आहे की नाही, आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र.

मानधनाबद्दल गैरसमज फार आहेत. शिक्षणाचा भाग म्हणून केलेल्या इंटर्नशिपला पैसे दिलेच पाहिजेत असा सरसकट कायदा नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खाली नोंदलेला करार असेल तर मात्र विद्यावेतन बंधनकारक आहे. तुमचं कशात बसतं हे विचारून घ्या. मानधन नसलं तरी संस्थेच्या कामासाठी केलेल्या प्रवासाचे पैसे मागण्यात संकोच करू नका. गावोगाव फिरण्याचा पेट्रोलखर्च विद्यार्थ्यानं सोसायचा, ही प्रथा मोडली पाहिजे.

गाडीचं आणखी एक. संस्थेची दुचाकी चालवायला देत असतील तर तुमचा परवाना आणि गाडीचा विमा दोन्ही चालू आहेत का बघा. नसतील तर एसटीनं जा. गाडी नाही म्हणून आजवर कोणाची इंटर्नशिप वाया गेलेली नाही.

एकच काम मागा, पण गावाला उपयोगी पडेल असं

दोन महिन्यांत 'शेतकऱ्यांच्या समस्यांचा अभ्यास' होत नाही. होतो तो पन्नास पानांचा अहवाल, तोही कपाटात जातो. त्यापेक्षा छोटं, मोजता येणारं, आणि जाताना गावाच्या हातात देता येईल असं एक काम संस्थेकडून मागून घ्या.

माझ्या मते तासगावात सगळ्यात उपयोगी पडेल असं काम आहे बेदाण्याच्या हिशोबपट्ट्यांचं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांत मोठी उलाढाल होते. पण एकेका बागायतदाराच्या हातात शेवटी काय पडलं, हे त्या पट्टीच्या छोट्याशा कागदावरच असतं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्याआधी डिपिंग ऑइल, कार्बोनेट, शेडचं भाडं, मजुरी, निवडणी, पुढं शीतगृहाचं भाडं. सौद्यात हमाली, तोलाई, अडत, तूट. आणि 'पैसे कधी आले' हा प्रश्न तर पट्टीवर नसतोच, तो तोंडी विचारावा लागतो.

दहा-बारा शेतकऱ्यांची संमती घेऊन त्यांच्या पट्ट्या एका तक्त्यात मांडा. दर, प्रत्येक कपात, सौद्याची तारीख, पैसे मिळाल्याची तारीख. नावं काढून टाका. हा एक कागद गावातल्या बैठकीत वाचला की चर्चा आपोआप सुरू होते: 'माझ्याकडून एवढी तूट घेतली, तुझ्याकडून कमी कशी?' शेतकऱ्याला स्वतःची पट्टी माहीत असते, शेजाऱ्याची नसते. ती समोर आली की बाजार समितीत बोलायला मुद्दा मिळतो. मात्र तिथं बोलायचं ते शेतकऱ्यांनी आणि संस्थेनं. तुम्ही आडत्याशी वाद घालायला जाऊ नका.

अशीच आणखी काही कामं: मांडवातल्या कामांची बाई-माणसांची मजुरी कामनिहाय नोंदवणं, टेंभू, ताकारी किंवा म्हैसाळ या पाणी योजनांचं आवर्तन येण्याआधी आणि नंतर ठरावीक विहिरींची पाणीपातळी मोजणं, बागायतदाराची फवारणीची वही त्याच्याबरोबर बसून नीट लावून देणं.

बाहेरून आलेल्या माणसांचा उपयोग कसा होतो याचा एक दाखला शेजारच्या खानापूर तालुक्यातच आहे. १९८० च्या दशकात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा स्मृती धरण उभं केलं. बेसुमार वाळूउपशानं नदी कोरडी पडत होती. थोडी वाळू आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून धरण बांधू, ही मागणी गावची होती, आणि पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा वाटा असावा हा विचारही. अभियंते, शहरातले कार्यकर्ते आणि विद्यार्थी मदतीला आले ते मोजमाप, आराखडा आणि श्रमदानासाठी. प्रश्न गावानं ठरवला, हिशोब करायला बाहेरचे आले. तुमच्या वाट्याला येणारं काम असंच आहे का, हे पहिल्या आठवड्यात तपासा.

माहिती विचारताना

'वर्षाचं उत्पन्न किती?' असं विचारलंत तर 'भागतंय' हे उत्तर येईल, आणि ते योग्यच आहे. अनोळखी पोराला कोण उत्पन्न सांगेल? 'यंदा किती पेट्या झाल्या? माल कुठं लावला? ऑइलचा डबा कितीला पडला?' असं विचारा. माणूस हाताच्या बोटांवर मोजत सांगू लागतो.

निवडणी करणाऱ्या बायकांजवळ बसायचं तर हात रिकामे ठेवून बसू नका. पुढ्यातला ढीग घ्या, देठ आणि काळपट मणी बाजूला काढत राहा. त्यांची नजर मण्यांवर असते, बोटं थांबत नाहीत, आणि बोलणं त्या लयीत चालतं. वही काढून समोर बसलात की बोलणं बंद. ऐकलेलं संध्याकाळी लिहा, आणि लिहिणार आहात हे त्यांना आधी सांगा. 'जमीन तुमच्या नावावर आहे का?' हा प्रश्न सासू किंवा दीर शेजारी असताना विचारू नका. खरं उत्तर मिळणार नाही, आणि तुम्ही गेल्यावर त्या बाईला घरात बोलणी बसतील.

- संमती तोंडी असली तरी स्पष्ट घ्या: कशासाठी विचारताय, कोण वाचणार, नाव येणार का.
- आधार, बँक पासबुक, सातबारा यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, पण कायदा नसता तरीही हे चूकच.
- कर्जबाजारी घर, आत्महत्या झालेलं घर यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. संस्थेनं सांगितलं तरी नकार द्या, तो तुमचा हक्क आहे.
- औषधाचा सल्ला देऊ नका. 'तुम्ही कृषीचे ना, कुठलं मारू?' असं विचारतीलच. २०१० साली युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले, माल अडकला, बागायतदार आणि निर्यातदार दोघंही पोळले. एका चुकीच्या शब्दाची किंमत एवढी असू शकते. द्राक्षासाठी पुण्याजवळच्या मांजरी इथं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१. शेतकऱ्याला तिकडं जोडून द्या.

अंगाला जपा

द्राक्षबागेत औषधं वारंवार मारली जातात. ब्लोअर चालू असताना बागेत थांबू नका, वारा जिकडून येतो त्या बाजूला निघून जा. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण ओळखायला शिका: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका.

गोडी छाटणीनंतर डोळ्यांना लावायच्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडीला भाजतं. हातमोज्यांशिवाय 'जरा मी पण लावून बघतो' म्हणू नका. या कामाच्या आगेमागे दारू घेतली तर शरीरावर गंभीर परिणाम होतो. टोळीतल्या माणसांना हे माहीत आहे का, हे विचारून सांगणं एवढं एक काम केलंत तरी ते मोलाचं. दम्याचा त्रास असेल तर बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तिथं जाऊ नका, आणि ही गोष्ट संस्थेला पहिल्याच दिवशी सांगा. मळमळ, डोळे चुरचुरणं, धाप लागणं, काहीही वाटलं तर कपडे बदला, साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो घेऊन डॉक्टरकडं जा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

मुलींसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

पाठवा. पण डोळे उघडे ठेवून पाठवा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी स्वयंसेवक यांनाही लागू आहे. 'तू कुठं आमची कर्मचारी आहेस?' हे उत्तर कायद्यापुढं टिकत नाही. कामानिमित्त गेलेलं गाव, बाग, संस्थेनं दिलेली गाडी, हे सगळं 'कामाचं ठिकाण' ठरतं.

- दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर संस्थेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. रुजू होतानाच सदस्यांची नावं मागा.
- त्याहून लहान संस्था असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं.
- तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची असते. सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते.
- महाविद्यालयाच्या समितीलाही कळवा. तातडीची मदत ११२ वर.

राहण्यासाठी एकटीनं खोली घेण्यापेक्षा बायामाणसं असलेलं घर बघा. आतून कडी लागणारी खोली आणि स्वच्छतागृह, एवढं बघितल्याशिवाय होकार देऊ नका. शेवटची एसटी किती वाजता, हे पहिल्या दिवशी विचारा, आणि बैठक लांबली तर परत सोडायची जबाबदारी संस्थेची, हे पत्रात लिहून घ्या.

काम मधेच बिघडलं तर

सांगितलेलं काम मिळत नसेल तर दुसऱ्या आठवड्याच्या आत देखरेख करणाऱ्याशी बोला, आणि बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवा. तिसऱ्या आठवड्यातही तसंच चाललं असेल तर महाविद्यालयाच्या मार्गदर्शकांना कळवा. सोडायचं ठरलं तर केलेल्या दिवसांचं पत्र मागून घ्या. मधेच सोडलं म्हणून आधीचं काम शून्य होत नाही.

निघण्याआधी

शेवटचे चार दिवस नव्या माहितीसाठी वापरू नका. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासमोर ती मराठीत वाचून दाखवा. एक बैठक, तीही संध्याकाळी धारा काढून झाल्यावर. चुका तिथंच निघतात, आणि त्या शेतकरीच काढतात. दुरुस्त केलेला कागद ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत ठेवा, संस्थेला एक प्रत द्या, आणि मगच महाविद्यालयाचा अहवाल लिहायला घ्या. प्रमाणपत्रावर तुमच्या कामाचं नाव येऊ द्या. 'यशस्वीरीत्या पूर्ण केली' एवढ्या वाक्यापेक्षा 'अमुक गावातल्या बेदाणा हिशोबपट्ट्यांचा तक्ता तयार केला' हे पुढच्या नोकरीत जास्त उपयोगी पडतं.

आता अर्जाचं. गोडी छाटणी बघायची असेल तर जूनमध्ये लिहा, बेदाण्यासाठी नोव्हेंबरात, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी जानेवारीत. अर्ज एका पानापेक्षा मोठा नको. तुम्ही कोण, किती दिवस, कोणत्या तारखांना, दुचाकी येते का, मराठी टाइप करता येतं का, एक्सेलवर तक्ता करता येतो का, आणि कोणतं एक काम करायची इच्छा आहे, एवढंच लिहा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर फोन करा. शेतीतल्या संस्थांची माणसं दिवसभर शेतावर असतात, त्यामुळं फोन सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर.